कर्जाच्या विम्याचे पैसे परत मिळवून देणारी कंपनी: आठ महिन्यांचा अनुभव, आणि ते ५९० रुपये

काल दुपारी त्यांचा पुन्हा फोन. "सर, तुमचं काम झालं ना, मग आमच्यासाठी दोन ओळी लिहा. पाच स्टार दिले तर बरं होईल." म्हटलं, लिहितो. दोन ओळींत मावणार नाही एवढंच.

ज्यांच्या गळ्यात कर्जाबरोबर विमा पडलाय त्यांना विषय समजावून सांगायला नको. माझं असं झालं: डिसेंबर २०२४ मध्ये नाशिकला पाथर्डी फाट्यावर जुना टू बीएचके घेतला. २८ लाखांचं गृहकर्ज, ९.२५ टक्के, १५ वर्षं. फेब्रुवारीत कर्जखात्याचा उतारा काढला तर मुद्दल २८,६२,३००. वरचे ६२,३०० म्हणजे विम्याचा एकरकमी प्रीमियम, कर्जातच मिसळलेला. त्याचा महिन्याला ६४१ रुपये हप्ता, म्हणजे पंधरा वर्षांत एक लाख पंधरा हजारांच्या वर. आणि विमा किती वर्षांचा? पाच. सहाव्या वर्षापासून संरक्षण शून्य, हप्ता मात्र चालू. पन्नास लाखांचा टर्म प्लॅन आधीच आहे, हे मी शाखेतल्या मॅडमना सांगितलं होतं. "हा वेगळा असतो सर, फाइल पटकन निघते," एवढंच उत्तर.

माझी चूकही सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र मांडणारा कागद, बंधनकारक केलाय, त्यात विम्याची रक्कम वेगळी दाखवावी लागते. मला तो कागद मिळाला होता. ओळही होती. खाली सही माझीच. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो, आणि घराच्या आनंदात तीस-चाळीस सह्या न वाचता ठोकून आलो. बायको अजून ऐकवते.

मार्चमध्ये मोबाइलवर या कंपनीची जाहिरात दिसली. 'चुकीचा विमा? पैसे परत मिळेपर्यंत फी नाही.' फोन केला. फी परताव्याच्या १२ टक्के, वर जीएसटी. मग हळूच, "फाइल उघडायचे फक्त पाचशे, जीएसटीसह ५९०, नॉन-रिफंडेबल." आता सांगा, पैसे मिळेपर्यंत फी नाही तर हे ५९० काय आहेत? "ती फी नाही सर, रजिस्ट्रेशन आहे." दूधवाल्याने दुधाचे पैसे नकोत म्हणायचं आणि किटलीचं भाडं मागायचं, त्यातला प्रकार. तरी भरले. सोबत सुरक्षा म्हणून सहीचा चेक दिला. हाही एक मूर्खपणा.

पहिले दहा दिवस झकास. गोड बोलणारा मुलगा, कागदांची यादी व्हॉट्सअॅपवर, तक्रारीचं पत्र तयार. एप्रिलमध्ये विमा कंपनीचं उत्तर आलं: फ्री-लूकची (पॉलिसी पटली नाही तर परत करायची) मुदत संपली, ग्राहकाची सही आहे, तक्रार बंद. त्यानंतर ही पैसे मिळवून देणारी माणसं गायब. फोन केला की "वरच्या लेव्हलला एस्कलेट केलंय." मे महिना एस्कलेट होण्यात गेला.

जूनमध्ये हट्टाने सगळा पत्रव्यवहार मागवला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, विम्याचं प्रमाणपत्र ज्या ईमेलवर गेलं होतं तो माझा नव्हता. माझं नाव आणि पुढे कसले तरी आकडे, शाखेत कोणीतरी टाकलेले. दोन, या कंपनीनेही माझ्या नावाने एक नवा जीमेल उघडला होता आणि सगळी उत्तरं तिथेच जात होती. म्हणजे माझ्या नावाचे दोन ईमेल आणि दोन्हींचा पासवर्ड माझ्याकडे नाही. विचारलं तर म्हणे प्रोसेस आहे.

प्रोसेसचं कारण नंतर उमजलं. विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे तक्रार स्वतः ग्राहकाने करायची असते, किंवा त्याच्या वारसाने, नॉमिनीने. वकील, एजंट चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही वकिलामार्फत जाता येत नाही. दोन्हीकडे फी शून्य. म्हणजे ही मंडळी पडद्यामागून माझाच आवाज काढणार आणि त्याचे १२ टक्के घेणार.

इथपर्यंत माझं मत होतं की ही निव्वळ लूट आहे. तेवढ्यात घरात दुसरी केस झाली. बायकोने ओव्हरलॉक मशिनसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं. या वेळी मी कागद वाचले, पण कर्जाचे पैसे आल्यानंतर. ९,८६० रुपयांचा विमा. तो परत मिळवायचं काम मी स्वतःच केलं. फ्री-लूक आता सगळ्यांना ३० दिवसांचा आहे, पूर्वी शाखेत घेतलेल्या पॉलिसीला १५ असायचा, आणि तो पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून मोजतात. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, दोन आठवडे नुसती 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे', मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार. टोकन नंबर मिळाला आणि पाचव्या दिवशी तोच तक्रार अधिकारी "ताई, ताई" करत फोनवर. मुद्रांक वगैरे कापून ९,७०२ रुपये बँकेत. खर्च शून्य. तुलना बरोबरीची नाही, मान्य. तिची मुदत शिल्लक होती, माझी संपली होती.

पण खरं सांगायचं तर बायकोचं पत्र मी कोऱ्या कागदावरून लिहिलं नाही. या कंपनीने माझ्यासाठी जे पत्र केलं होतं त्यात एक वाक्य होतं: प्रमाणपत्र कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या मार्गाने पाठवलं, त्याचा पुरावा द्यावा. सगळी मेख त्या एका वाक्यात आहे. सही तुमची असते, मान्य; पण कागद तुम्हाला पोचल्याचा पुरावा त्यांच्याकडे बहुतेक नसतो, आणि कागद पोचलाच नाही तर मुदत संपली कशी? हे मला आपणहून सुचलं नसतं. ५९० रुपये त्या वाक्याचे धरले तर महाग नाही. (त्यांना हे सांगणार नाही.)

मग माझी केसही हातात घेतली. विकलं कोणी, हे आधी ठरवायचं. माझा विमा बँकेच्या मॅडमनी विकला, माझा ईमेल चुकीचा बँकेने टाकला, तर मी विमा कंपनीच्या दारात का उभा होतो? जूनच्या शेवटी बँकेला लेखी तक्रार दिली. तीस दिवस वाट पाहिली, नुसती पोच आली. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर गेलो. चुकीच्या ईमेलचा स्क्रीनशॉट, टर्म प्लॅनची प्रत, आणि विमा पाच वर्षांचा पण कर्ज पंधराचं, हे तीनच मुद्दे. फॉर्म भरायला दीड तास लागला, त्यातला पाऊण तास पीडीएफ लहान करण्यात. सप्टेंबरमध्ये बँकेचा फोन, "सर, आपण हे आपसात मिटवू." ६२,३०० कर्जखात्यात जमा.

नीट वाचा, कर्जखात्यात. हातात छदाम नाही, मुद्दल कमी झालं. आणि इथे खरी मजा. तिसऱ्या दिवशी त्या कंपनीचं बिल: १२ टक्के म्हणजे ७,४७६, जीएसटी धरून ८,८२२ रुपये. म्हटलं, काम मी केलंय. तर करारातलं कलम दाखवलं: वर्षभरात परतावा कोणत्याही मार्गाने आला तरी फी देय. सही? माझी. चेक? त्यांच्याकडे. परतावा कागदावर, फी मात्र खिशातून रोख. दिले. सही केली तर द्यायचे, आमच्या घरात तसंच आहे. फक्त म्हटलं, ५९० तरी वजा करा. "सिस्टिममध्ये ऑप्शन नाही सर." आठ हजार गेल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं, हे ५९० अजून घशात आहेत.

आणखी एक. त्या पत्रात व्याज मागितलंच नव्हतं. नऊ महिने मी ६२,३०० वर व्याज भरलं, सुमारे ४,३०० रुपये. मीही तेच पत्र पुढे चालवलं, तेही बुडाले. तुम्ही लिहाल तर पहिल्याच पत्रात 'व्याजासह' लिहा.

चुलतभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. तिकडे पीपीआय (कर्जफेडीचा विमा) नावाचं हेच प्रकरण होऊन गेलं, बँकांनी ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत केले, शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. तिथेही अशा क्लेम कंपन्यांचं पेव फुटलं, इतकं की २०१८ मध्ये कायद्याने त्यांच्या फीला २० टक्क्यांची मर्यादा घातली. म्हटलं, माझे तर १२ च गेले. म्हणाला, पण इकडच्या कंपन्यांनी काम तरी केलं होतं ना?

मग कोणी अशा कंपनीकडे जावं? ज्याला ओटीपीची भीती वाटते आणि घरात विचारायला कोणी नाही, त्याने. तरी सहीचा चेक देऊ नका, ईमेल स्वतःचाच वापरा, आणि 'कोणत्याही मार्गाने' हे दोन शब्द करारात आहेत का ते शोधा.

दिंडोरीच्या साडूंना त्यांचा नंबर दिला नाही. त्यांच्या ट्रॅक्टरच्या कर्जातही विमा निघाला, विमा कंपनीने नकार दिला, म्हणून विमा लोकपालाकडे अर्ज केलाय. नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. आपला नाशिक जिल्हा पुण्याच्या कार्यालयात येतो, नारायण पेठेत, पण सुनावणी व्हिडिओवर आहे. त्यांच्या मळ्यात नेटवर्क टिकत नाही, म्हणून त्या दिवशी ते सकाळीच आमच्याकडे येणार आहेत. ते एक वाक्य मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.

रेटिंग दोन स्टार. एक पत्राचा, एक त्या गोड मुलाचा. तिसरा ५९० परत केले की देतो.