ब्रॅकिपोडियम की थेट गहू?

गव्हाला लागणाऱ्या विषाणूंचा अभ्यास ब्रॅकिपोडियम या रानगवतावरही करतात. रोग गव्हाचा, मग विषाणूचा अभ्यास गव्हावरच का नको? अडचण जनुकसंचाची, म्हणजे डीएनएत लिहिलेल्या साऱ्या मजकुराची. गव्हाचा सुमारे 16 अब्ज अक्षरांचा, आणि पेशीत गुणसूत्रांचे सहा संच. एक जनुक बंद पाडलं तरी इतर संचांतली त्याची भावंडं काम रेटून नेतात. ब्रॅकिपोडियमचा जेमतेम 27 कोटींचा, दोनच संच, आणि 2010 मध्येच वाचून झालेला. रोपही छोटंसं, कुंडीत मावणारं. बार्लीसोबत गव्हालाही लागणारा बार्ली स्ट्राइप मोझॅक विषाणू त्याच्या बीडी21 वाणाला लागतो, बीडी3-1 मात्र या विषाणूच्या काही प्रकारांना दाद देत नाही. या दोघांच्या संकरातूनच बीएसआर1 या प्रतिकारक जनुकाचा माग लागला. गव्हात हेच करायचं तर कमालीची चिकाटी हवी! अर्थात, दाण्याचं उत्पादन किती घटतं हे गवताला विचारून उपयोग नाही. तिथे गहूच पेरावा लागतो.