बिलात लावलेला, गाडीत न जोडलेला कूलर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी यंदा कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला आहे किंवा घ्यायचे ठरवले आहे, आणि तिघांनीही मला एकच प्रश्न विचारला की ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा, कूलर कुठून बसवून घेतला. याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण ज्या गॅरेजात मी तो बसवून घेतला तिथे माझी उघड फसवणूक झाली, आणि ती कशी झाली हे सविस्तर कळल्याशिवाय दुसऱ्या कोणाला ती टाळता येणार नाही.

आमची गाडी सात जणांची, ऑटोमॅटिक आहे. जादा कूलर नसेल तर 3,500 पौंड आणि असेल तर 5,000 पौंड ओढता येतील, असे तिच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. ट्रेलर रिकामा 3,400 पौंडांचा असला तरी पाणी, गॅसचे सिलिंडर, अंथरुणे-पांघरुणे आणि स्वयंपाकाचे सामान भरल्यावर तो वजनकाट्यावर 4,260 पौंड, म्हणजे सुमारे 1,930 किलो भरला. त्यामुळे कूलर बसवणे ही हौस नव्हती, गरज होती.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमार्फत गिअरपर्यंत पोहोचते. ओझे घेऊन गाडी चढावर जोर करते तेव्हा कन्व्हर्टरमध्ये घसरण होते आणि वाया जाणारी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. आमच्या गाडीत कंपनीने दिलेली सोय अशी की हे ऑइल रेडिएटरच्या टाकीतल्या एका छोट्या कूलरमधून फिरते. पण त्या टाकीतले पाणीच इतके तापलेले असते की ऑइलचे तापमान फारसे खाली उतरत नाही. जादा कूलर रेडिएटरच्या पुढे, थेट वाऱ्यावर बसतो आणि रेडिएटरमधून बाहेर पडलेले ऑइल गिअरबॉक्सकडे परत जाण्याआधी आणखी थंड करतो. ऑइल साधारण 175 ते 200 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान राहिले तर गिअरबॉक्स सुखरूप राहतो; 240 च्या पुढे ते करपू लागते आणि त्याहून वर गेले की आतली सीले कडक होऊ लागतात.

गॅरेज नीटनेटके होते, मालक बोलायला अत्यंत सौजन्यशील होता. त्याने 785 डॉलर सांगितले : नवा कूलर 190, ऑइल आणि किरकोळ सामान 145, तीन तासांची मजुरी 450. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने पुढच्या जाळीतून टॉर्च मारून काळा चकचकीत कूलर दाखवला, आणि तेवढे पाहून मी कार्ड पुढे केले. कूलर दिसतो आहे म्हणजे तो काम करतो आहे, हे मी गृहीत धरले, आणि माझी मोठी चूक इथेच झाली.

पुढचे दोन आठवडे गाडी ऑफिसला नेली-आणली. ट्रान्समिशनचे तापमान दाखवणारे एक छोटे यंत्र मी गाडीला लावले होते आणि त्यावर 190 ते 195 चा आकडा दिसत असे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. रिकाम्या गाडीला कंपनीचा कूलर पुरेसा असतो आणि म्हणूनच ही फसवणूक रिकाम्या गाडीत उघडी पडत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

मे महिन्यात आम्ही ट्रेलर जोडून आय-5 महामार्गाने दक्षिणेकडे निघालो. सेंट्रल व्हॅलीचा सपाट रस्ता संपला की ग्रेपव्हाइनचा चढ सुरू होतो आणि तो तेहोन पासपर्यंत, म्हणजे चार हजार फुटांच्या वर नेतो. ट्रेलर ओढणाऱ्यांना कॅलिफोर्नियात ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. आम्ही 45 नेच चाललो होतो. आकडा 215 झाला, 230 झाला, मग 248. पत्नी शेजारी बसून तो मोठ्याने वाचत होती आणि मागे दोन्ही मुले गप्प झाली होती. लेबेकच्या विश्रांतीस्थळावर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवले, बॉनेट उघडून वरून हात घातला आणि कूलरला स्पर्श केला. तो सकाळच्या हवेइतकाच गार होता. ज्यातून उकळते ऑइल फिरायला हवे होते ती वस्तू हाताला थंड लागली, तेव्हा पोटात गोळा आला.

उतारावरून हळूहळू सांता क्लॅरिटाला पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या एका वयस्कर ट्रान्समिशन मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. कूलरच्या दोन्ही रबरी नळ्या रेडिएटरच्या कडेने खाली आल्या होत्या, त्यांच्या टोकांना बूच मारले होते आणि त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी चासीला बांधून ठेवल्या होत्या. ट्रान्समिशनचे ऑइल नेणाऱ्या मूळ नळीला, म्हणजे लाइनला, कोणी हातही लावलेला नव्हता : कंपनीचे स्प्रिंग क्लॅम्प जागच्या जागी होते आणि त्यांच्यावरचा धुळीचा व तेलाचा थर अखंड होता. मेकॅनिकने कूलर उतरवून माझ्या हातात दिला आणि नखाने रंग खरवडायला सांगितले. काळ्या रंगाखाली जाळीत किड्यांचे वाळलेले पंख चिकटलेले होते. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीवरून काढलेला कूलर वरून रंगवून मला नवा म्हणून विकला होता. वर तो रेडिएटरचा वाराही अडवत होता, म्हणजे त्याच्यामुळे नुकसानच होत होते.

त्या मेकॅनिकने नवा कूलर धातूच्या पट्ट्यांवर बसवला; रेडिएटरच्या जाळीतून आरपार प्लॅस्टिकच्या काड्या ओवून कूलर टांगतात ती पद्धत त्याला मान्य नव्हती, कारण हादऱ्यांनी घासून रेडिएटरला भोक पडू शकते. नळी पेट्रोलची न वापरता ट्रान्समिशन ऑइलसाठीचीच वापरली. लाइनचा कापलेला तुकडा त्याने न मागता माझ्या हातात ठेवला, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे : लाइन कापून किंवा सोडवून मध्ये जोड दिल्याशिवाय कूलर चालू होऊच शकत नाही, तेव्हा काढलेला भाग मागितल्यावर जो तो देऊ शकत नाही त्याने काम केलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बदललेले सुटे भाग परत मागण्याचा हक्क आपल्याला आहे, मात्र ते काम मंजूर करतानाच मागावे लागतात. अंदाजपत्रक लेखी मिळाले पाहिजे आणि भाग जुना असेल तर बिलावर तसे लिहिले पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. पैसे देण्याआधी अर्धा तास गाडी चालवून कूलरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. दोन्ही गरम लागल्या पाहिजेत आणि परतीची थोडी कमी. थंडीच्या दिवसांत किंवा थर्मोस्टॅट असलेल्या जोडणीत गरम व्हायला वेळ लागतो, तेवढी सवड द्यावी.

परतीच्या प्रवासात त्याच डोंगरावर, तेवढ्याच ओझ्यानिशी आकडा 205 च्या वर गेला नाही.

घरी आल्यावर मी सर्व छायाचित्रे जोडून गॅरेजांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार केली. जोडणी नंतर दुसऱ्या कोणीतरी सोडवली असावी, असे गॅरेजमालकाने उत्तर दिले. धुळीने माखलेल्या क्लॅम्पच्या छायाचित्रावर मात्र त्याला काही बोलता आले नाही. ब्युरो मध्यस्थी करतो, पैसे परत करण्याची सक्ती करू शकत नाही. त्या मध्यस्थीनंतर मला कूलरचे 190 डॉलर मिळाले. मजुरी आणि ऑइलचे 595 डॉलर देण्यास त्याने नकार दिला असून त्यासाठी मी छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या स्मॉल क्लेम्स कोर्टात अर्ज भरला आहे. गाडीतून निघालेले तपकिरी, करपट वासाचे ऑइल एका बाटलीत आणि तो रंगवलेला कूलर एका खोक्यात घालून मी सुनावणीसाठी जपून ठेवला आहे. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी अजून कधीकधी हलका झटका देते.