लोगो एकच, कंपन्या निराळ्या: मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये कुठली बदली घ्यावी?

‘इंटर्नल ट्रान्सफर’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळे व्यवहार चालतात. तुमचा कुठला, ते सॅलरी स्लिपच्या माथ्यावर छापलेल्या कंपनीच्या पूर्ण नावावरून कळतं. ‘डेलॉइट कन्सल्टिंग इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ अमेरिकी फर्मच्या गोतावळ्यातली, म्हणजे तिकडचं काम इथून करणारं डिलिव्हरी सेंटर, तर ‘डेलॉइट टूश तोमात्सु इंडिया एलएलपी’ ही भारतातली सभासद फर्म, म्हणजे जागतिक नाव वापरणारी पण इथल्या क्लायंटचं काम करणारी. ईवायचं जीडीएस (तिचं डिलिव्हरी सेंटर) आणि भारतातली ईवाय यांचंही तसंच.

सर्वांत हलका व्यवहार म्हणजे कंपनी तीच, प्रॅक्टिस (कामाचा विभाग) दुसरी. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअरच्या कामात गेलात तर पीएफ, ग्रॅच्युइटी, कशालाच धक्का लागत नाही. अडतं ते सुटण्यात. क्लायंटला तुमचे तास बिल होत असले की ‘एवढं गो-लाइव्ह (सिस्टीम प्रत्यक्ष सुरू) होऊ दे’ म्हणत तारीख सरकत राहते, म्हणून ती दोन्ही मॅनेजरांकडून ईमेलवर घ्यावी. शिवाय रेटिंगचा घोळ: वर्षाच्या मध्यात हललात तर जुना लीडर तुमच्यासाठी भांडत नाही, नवा तुम्हाला ओळखत नाही, आणि प्रमोशन एका वर्षानं लांबू शकतं. वर्षअखेरचं रेटिंग नक्की झालं की लगेच हलावं.

डिलिव्हरी सेंटरमधून भारतीय सभासद फर्ममध्ये जाणं मात्र नावापुरतीच बदली. कायद्याच्या लेखी तो बहुधा राजीनामा आणि नवी नेमणूक असते. मिळतं काय, तर इथलाच क्लायंट, समोरासमोरचं काम आणि अमेरिकेच्या घड्याळातून सुटका. जातं काय, ते हिशेबानं बघा. ग्रॅच्युइटीला कायम कर्मचाऱ्याची ५ वर्षांची सलग सेवा लागते. हिशेबाचं मासिक वेतन ६०,००० असेल तर ५ वर्षांची रक्कम ६०,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार. चौथ्या वर्षी राजीनामा दिलात तर हक्क बुडतो आणि नव्या कंपनीत मोजणी शून्यापासून. अपवाद एकच: ‘पूर्वीची सेवा धरली जाईल’ हे वाक्य नेमणूकपत्रात असलं तर. एचआरनं फोनवर दिलेली हमी इथे कामाची नाही. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) वळवा. ५ वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट आणि शिल्लक रजेचे पैसे हेही राजीनाम्याआधी तपासा.

तिसरा व्यवहार परदेशाचा. त्या वाटेवर अमेरिका आणि जर्मनी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. अमेरिकेच्या एल-१बीला (समूहातल्याच कंपनीत विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याला पाठवायचा व्हिसा) मागच्या ३ वर्षांत समूहातल्या परदेशी कंपनीत सलग १ वर्ष नोकरी लागते. मुक्काम जास्तीत जास्त ५ वर्षं. एच-१बी या नेहमीच्या नोकरी-व्हिसासारखी लॉटरी नाही, पण व्हिसा मालकाला बांधलेला, दुसरीकडे नोकरी मिळाली तरी त्यावर जाता येत नाही. कन्सल्टिंगवाल्यांना खरी ठेच लागते ती २००४ च्या कायद्याची: मुख्यतः क्लायंटच्या जागेवर, त्याच्याच देखरेखीखाली बसायचं असेल तर एल-१बी नाकारला जातो. भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार नसल्यामुळे तिथली कपात चुकत नाही, आणि तिथल्या पेन्शनला लागणारी ४० क्रेडिट (कपात भरल्याचे गुण) ५ वर्षांत होत नाहीत.

जर्मनीच्या आयसीटी कार्डाला (समूहातल्या समूहात बदलीचा परवाना) आधीची ६ महिन्यांची नोकरी पुरते, मुदत ३ वर्षांपर्यंत. करार भारतातल्या कंपनीचाच राहतो. जर्मनीशी असा करार असल्यामुळे ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट (भारतातच पीएफ भरत असल्याचा दाखला) घेतलं की तिथली पेन्शनकपात टळते. राहायचंच असेल तर मात्र जर्मन कंपनीशी करार करून ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरी-परवाना) मागावं, कारण त्यावर २७ महिन्यांत, बी१ पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांत, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

घरचं कर्ज किंवा शाळकरी मुलं असतील तर सेकंडमेंट, म्हणजे करार भारतातल्या कंपनीचाच ठेवून ठरावीक काळ बाहेर जाणं, बरं. पत्रात परतल्यावरचा हुद्दा आणि पगाराची पट्टी लिहून घ्या. नाहीतर तीन वर्षांनी येताना तुमची जागा भरलेली असते आणि मुक्काम थेट बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना.