भाड्याचे उत्पन्न हवे: स्वतःचा गाळा, रीटचे युनिट की खुला मालमत्ता फंड?

हातात एकरकमी पैसा आहे आणि त्यातून दरमहा किंवा दर तिमाहीला काहीतरी रक्कम यावी, अशी अपेक्षा असलेल्या माणसाला व्यापारी मालमत्तेत शिरण्याचे तीन रस्ते आहेत. एखादा गाळा किंवा कार्यालय स्वतः विकत घेऊन भाड्याने देता येते. शेअर बाजारात नोंदलेल्या मालमत्ता न्यासाचे, म्हणजेच रीटचे, युनिट घेता येतात. किंवा बाजारात नोंद नसलेल्या खुल्या मालमत्ता फंडात पैसे ठेवता येतात, जिथे ते परत हवे झाल्यास फंडाकडेच मागणी नोंदवावी लागते. तिन्हींचे मूळ एकच असते: कुणीतरी भाडेकरू भाडे भरत असतो. ते भाडे आपल्यापर्यंत येईतो वाटेत काय काय वजा होते आणि कोणत्या वर्षी ते येतच नाही, यावर तिन्हींतला फरक ठरतो. ठळक अक्षरांत छापलेला परताव्याचा टक्का यातले फारच थोडे सांगतो.

आधी रीटची घडण समजून घेतलेली बरी. अमेरिकेत १९६० साली यासाठी कायदा झाला. त्याची मूळ देवघेव साधी होती: न्यासाने किमान ७५ टक्के मालमत्ता स्थावर क्षेत्रात ठेवावी आणि बहुतांश करपात्र उत्पन्न युनिटधारकांना वाटून टाकावे, वाटलेल्या उत्पन्नावर न्यासाला स्वतंत्र कंपनी-कर लागणार नाही. हे वाटपाचे प्रमाण आज तिथे ९० टक्के आहे. सिंगापूरमध्ये पहिला रीट २००२ साली बाजारात नोंदला गेला, ब्रिटनमध्ये ही व्यवस्था २००७ पासून लागू झाली, तर भारतात सेबीने २०१४ साली नियम केले आणि पहिल्या रीटची नोंदणी २०१९ साली झाली. भारतीय नियमांत ९० टक्क्यांची अट वाटपयोग्य रोख रकमेला लावलेली आहे आणि किमान ८० टक्के गुंतवणूक पूर्ण झालेल्या, भाडे देणाऱ्या मालमत्तेत असावी लागते. तपशील देशागणिक बदलतात, परंतु सक्तीचे वाटप हा गाभा सगळीकडे सारखाच आहे.

या सक्तीला दुसरी बाजू आहे आणि विक्रेते ती क्वचितच समजावून सांगतात. नफ्यातले जवळजवळ सगळे वाटून टाकल्यावर न्यासाच्या गाठीशी फारसे काही उरत नाही. नवी इमारत घ्यायची असो वा जुने कर्ज फेडायचे असो, त्याला एकतर नवे कर्ज काढावे लागते किंवा नवे युनिट विकावे लागतात. युनिटचा बाजारभाव निव्वळ मालमत्ता मूल्याच्या (म्हणजे इमारतींच्या मूल्यातून कर्ज वजा जाता प्रत्येक युनिटच्या वाट्याला येणाऱ्या रकमेच्या) खाली असताना नवे युनिट काढले, तर जुन्या धारकाचा हिस्सा स्वस्तात पातळ होतो. बँकेला द्यायला पैसे नाहीत म्हणून ऐन मंदीत युनिट विकणारा न्यास आणि भाव चढे असताना युनिट विकून चांगली इमारत घेणारा न्यास, हे दोन्ही परताव्याच्या तक्त्यात शेजारी शेजारी आणि सारखेच दिसतात.

आता गाळ्याकडे वळू. स्वतःच्या गाळ्याचे खरे बलस्थान म्हणजे निर्णय आपल्या हाती असतो. भाडेकरू कोण, कर्ज किती, विकायचे कधी, हे सगळे मालक ठरवतो. शिवाय बाजाराचा रोजचा भाव डोळ्यांसमोर नाचत नसल्यामुळे पडत्या काळात घाबरून विक्री करण्याचा मोह होत नाही. हा मानसिक लाभ मी कमी लेखत नाही. मात्र एका गाळ्याचे उत्पन्न एकतर पूर्ण असते किंवा शून्य असते. समजा गाळ्यावर किमतीच्या ७ टक्के वार्षिक भाडे ठरले आहे. पाच वर्षांनी भाडेकरू गेला, नवा मिळेपर्यंत आठ महिने गेले, त्याने तीन महिने बिनभाड्याचे मागून घेतले आणि दलाली व रंगरंगोटी मिळून आणखी दोन महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च झाला, तर तेरा महिन्यांचे भाडे बुडाले. पाच वर्षे भाड्याची आणि हे रिकामे अकरा महिने एकत्र धरले, तर एकाहत्तर महिन्यांत पदरात अठ्ठावन्न महिन्यांचेच भाडे पडते. म्हणजे ७ टक्क्यांचे सरासरी ५.७ टक्के झाले, आणि यात मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती, खरेदीवेळचे मुद्रांक शुल्क व स्वतःचा वेळ अजून धरलेलाच नाही. दोनशे भाडेकरू असलेल्या न्यासातही लोक जातात, पण ते एकाच महिन्यात जात नाहीत.

खुल्या फंडाबद्दल माझे मत अधिक कडक आहे, कारण त्याच्या रचनेतच विसंगती आहे. फंड गुंतवणूकदाराला पैसे हवे तेव्हा परत घेण्याची मुभा देतो, पण त्याच्याकडे असतात इमारती, ज्या विकायला महिनोन्‌महिने लागतात. सगळे शांत असते तोवर हातातल्या रोकडीवर काम भागते. बाहेर पडणाऱ्यांची रांग लागली की दार बंद करावे लागते. ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमतानंतर जुलै २०१६ मध्ये अनेक मोठ्या मालमत्ता फंडांनी पैसे परत करणे थांबवले, आणि मार्च २०२० मध्ये महासाथीच्या काळात तेच पुन्हा घडले. अमेरिकेत ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीच्या, बाजारात न नोंदलेल्या बी-रीट या न्यासाने २०२२ च्या अखेरीस पैसे काढण्यावर मर्यादा घातली. पैसे बुडाले असे नव्हे. पण ज्याला आपली रक्कम त्याच महिन्यात हवी होती त्याच्या दृष्टीने तो फरक तात्त्विकच होता.

नोंदलेल्या रीटमध्ये ही अडचण वेगळ्या रूपात येते. तिथे दार कधीच बंद होत नाही, कारण आपले युनिट न्यास परत घेत नसून बाजारातला दुसरा कुणीतरी घेतो. मात्र तो देईल त्या भावाला विकावे लागते. खुल्या फंडात भाव स्थिर दिसतो आणि पैसे अडकू शकतात, तर रीटमध्ये पैसे मोकळे असतात आणि भाव हलतो. उत्पन्नासाठी गुंतवणूक करणाऱ्याला मी दुसरी गैरसोय पत्करायला सांगेन. फंडातला स्थिर भाव बहुतेक वेळा मूल्यांकनकाराच्या अहवालावर बेतलेला असतो आणि तो अहवाल बाजाराच्या मागून चालतो.

भाव किती हलू शकतो, हे एका हिशेबावरून लक्षात येते. एखाद्या न्यासाचे खर्च वजा जाता वार्षिक भाडे १०० आहे आणि खरेदीदार तशा मालमत्तेवर ५ टक्के परतावा स्वीकारायला तयार आहेत, म्हणजे इमारतींचे मूल्य २,००० झाले. त्यावर १,००० कर्ज असेल तर युनिटधारकांचा वाटाही १,००० असतो. व्याजदर चढले आणि खरेदीदार ६ टक्के मागू लागले की त्याच इमारतींचे मूल्य साधारण १,६६७ होते. भाडेकरू तेच, भाडे तेच, पण कर्ज १,००० च राहिल्यामुळे युनिटधारकांचा वाटा ६६७ वर येतो, म्हणजे एक तृतीयांश गेला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात आपला दर जवळजवळ शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा चांगल्या, भरलेल्या इमारती असलेल्या न्यासांचेही भाव का कोसळले, याचे उत्तर बरेचसे याच हिशेबात आहे. याखेरीज जुने स्वस्त कर्ज फेडून महाग कर्ज घ्यावे लागले की वाटपही घटते. म्हणून कर्जाचे प्रमाण, ते कोणकोणत्या वर्षी फेडायचे आहे आणि त्यातले किती स्थिर दराचे आहे, या तीन गोष्टी मी परताव्याच्या टक्क्याआधी पाहतो.

ठेवी आणि रोखे यांच्याशी तुलना इथे थोडक्यात उरकता येते. त्यांत मुद्दल ठरलेल्या तारखेला परत मिळण्याचे वचन असते आणि उत्पन्न वाढत नाही. रीटमध्ये मुद्दलाचे कसलेच वचन नसते, पण भाडेकरारात ठरावीक काळाने भाडेवाढीचे कलम असल्यास उत्पन्न महागाईबरोबर वर सरकू शकते. रीटचा परतावा सुरक्षित रोख्यापेक्षा जेमतेम जास्त असेल आणि भाडेवाढीची शक्यताही कमी असेल, तर जोखमीचा मोबदला मिळत नाही आणि रोखाच बरा ठरतो.

ज्याने रीटचा रस्ता निवडला, त्याच्यापुढे पुढचा प्रश्न कोणता रीट हा असतो, आणि खरा घोळ इथेच होतो. मिळणाऱ्या वाटपाचे पोट फोडून पाहावे. समजा १०० च्या युनिटवर वर्षाला ८ मिळाले. पत्रकात नीट पाहिल्यावर कळते की त्यातले ५.२ भाड्यातून आले, १.८ एक इमारत विकून आले आणि १ ही चक्क भांडवलाची परतफेड आहे. मग टिकाऊ उत्पन्न ५.२ टक्केच आहे. उरलेले आपलेच पैसे आपल्याला परत मिळाले आहेत. अनेक देशांत व्याज, लाभांश आणि भांडवलाची परतफेड यांवर कर निरनिराळा लागतो, त्यामुळे हे पोटविभाग करासाठीही पाहावेच लागतात. परदेशातल्या रीटमध्ये कर अनेकदा उगमाशीच कापला जातो. अमेरिकेत परदेशी गुंतवणूकदाराच्या लाभांशातून त्याच्या देशाशी कर-करार नसल्यास ३० टक्के कापले जातात, आणि तिथल्या ६ टक्क्यांचे हातात ४.२ टक्केच उरतात.

निव्वळ नफ्यापेक्षा वाटप जास्त दिसले म्हणून मात्र लगेच दचकू नये. हिशेबात इमारतींचा घसारा खर्च म्हणून धरला जातो, पण तेवढी रोकड बाहेर गेलेली नसते. अमेरिकेतल्या नारीट या संघटनेने १९९१ साली घसारा परत मिळवून आणि विक्रीतला नफा वगळून मोजायचे ‘एफएफओ’ हे माप मांडले, ते याचसाठी. तरीही उद्वाहक, वातानुकूलन आणि छत यांना खरोखरच नवा खर्च लागतो, आणि नव्या भाडेकरूसाठी आतली सजावटही अनेकदा मालकालाच करून द्यावी लागते. एफएफओमधून हे खर्च वजा करून उरलेल्या रकमेशी वाटप ताडून पाहावे. (अमेरिकेतली ९० टक्क्यांची अट या रकमेला नसून करपात्र उत्पन्नाला आहे.) त्यातले ७५ ते ८५ टक्के वाटले जात असेल, तर एखादा मोठा भाडेकरू गेल्यावरही वाटप टिकण्यास वाव राहतो. पूर्ण १०० टक्के वाटणारा न्यास पहिल्या धक्क्यालाच कपात करतो.

मालमत्तेच्या प्रकाराने यात मोठा फरक पडतो. कार्यालयीन इमारतींचा परतावा आज अनेक ठिकाणी आकर्षक दिसतो, कारण घरून काम करण्याच्या पद्धतीने मागणीबद्दल शंका निर्माण केली आहे. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या कार्यालयीन इमारती असलेल्या व्होर्नेडो या न्यासाने एप्रिल २०२३ मध्ये आपला लाभांश वर्षअखेरपर्यंत पुढे ढकलला. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या, पण अमेरिकेतच कार्यालये असलेल्या मॅन्युलाइफ यूएस रीटच्या इमारतींचे मूल्य त्याच वर्षी इतके घसरले की कर्जाच्या अटी मोडल्या गेल्या आणि वाटप थांबवावे लागले. त्याआधी, बाजारभाव कोसळलेला असताना, मागील वाटपावर मोजलेला त्याचा परतावा फार मोठा दिसत होता. चढा परतावा हा पुष्कळदा बाजाराने आधीच व्यक्त केलेला अविश्वास असतो.

मॉलमध्ये दुकानांचे भाडे काही अंशी विक्रीशी जोडलेले असते, त्यामुळे चांगल्या वर्षांत उत्पन्न वाढते आणि वाईट वर्षांत दोन्हीकडून मार बसतो. १ नोव्हेंबर २०२० रोजी सीबीएल आणि पेनसिल्व्हेनिया रीट या दोन अमेरिकी मॉल-न्यासांनी एकाच दिवशी दिवाळखोरीचा अर्ज केला. गोदामांत परतावा सहसा कमी असतो, पण इमारत साधी असल्याने दुरुस्तीचा खर्चही कमी असतो. कर, विमा आणि देखभाल भाडेकरूनेच भरायची, अशा दीर्घ करारांवर उभा असलेला रिअल्टी इन्कम हा न्यास १९९४ मध्ये बाजारात नोंदला गेल्यापासून दरमहा लाभांश देत आला आहे. मात्र मासिक वाटप म्हणजे सुरक्षितता नव्हे. तारखेची सोय आणि भाडेकरूची पत या वेगळ्या गोष्टी आहेत. मॉर्गेज रीट या नावाखाली मिळणारी युनिट तर या आढाव्यातून बाहेरच ठेवावीत, कारण त्यांच्याकडे इमारती नसून इतरांना दिलेली कर्जे असतात.

व्यवस्थापनाचे शुल्क कशावर ठरते हेही पाहिले पाहिजे. बाहेरच्या व्यवस्थापकाला एकूण मालमत्तेच्या टक्केवारीने शुल्क मिळत असेल, तर न्यास फुगवण्यात त्याचा फायदा असतो, आपला असेलच असे नाही.

एकंदर पाहता, ज्याच्याकडे अनेक गाळे घेण्याइतके भांडवल, भाडेकरूंशी वागण्याचा अनुभव आणि वेळ आहे, त्याने स्वतःची मालमत्ता घ्यावी. एकाच गाळ्यात सगळी पुंजी घालणाऱ्याला मी रीटच सुचवेन, आणि खुला फंड नियमित उत्पन्नासाठी शेवटी ठेवेन. रीट घेणाऱ्याने किमान तीन-चार न्यासांत आणि दोन तरी प्रकारच्या मालमत्तांत पैसे विभागावेत, आणि दोन वर्षांच्या घरखर्चाएवढी रक्कम ठेवीत बाजूला काढावी, म्हणजे एखाद्या न्यासाने वाटप वर्षभर पुढे ढकलले तरी पडलेल्या भावात युनिट विकण्याची वेळ येणार नाही. खरेदीपूर्वी वार्षिक अहवालातला भाडेकरार संपण्याचा तक्ता उघडावा: पुढच्या दोन वर्षांत एकूण भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक करार संपत असतील, तर ते करार कोणत्या दराने पुन्हा होतात हे कळेपर्यंत थांबलेले बरे.