मिसोरा हिबारी, तोक्यो डोम १९८८: सीडी घ्यावी की डीव्हीडी?

जपानी गायिका मिसोरा हिबारी यांच्या ११ एप्रिल १९८८च्या या मैफलीची डीव्हीडीच घ्यावी. गाणी सीडीवरही ऐकता येतात, पण ‘जिन्सेइ इचिरो’ या गाण्यानंतर हिबारी रंगमंचापासून निघणाऱ्या सुमारे १०० मीटर लांब वाटेवरून ज्या पायांनी चालत जातात, ते पाहायलाच हवं. रक्तपुरवठा तुटल्यामुळे खुब्यातली हाडं झिजलेली, शिवाय यकृताचा जुनाट आजार. आदल्या वर्षी त्या फुकुओकाच्या इस्पितळात होत्या आणि मैफलीच्या वेळी बाहेर रुग्णवाहिका उभी होती. तरीही गाणी ३९! तेव्हा त्या ५० वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी, जून १९८९मध्ये गेल्या.

एन्का, म्हणजे हिबारी गात तो जपानी भावगीतांचा प्रकार, पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांनी मात्र सुरुवात इथून करू नये. आधी स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणांचा एखादा संग्रह घ्यावा: ‘रिंगो ओइवाके’ (१९५२), ‘यावारा’ (१९६४), ‘कानाशी साके’ (१९६६). एन्काच्या पुष्कळ चालींत चौथा आणि सातवा स्वर गाळलेला असतो. पाश्चात्त्य मेजर स्वरसप्तकात उरतात ते भूप रागाचेच स्वर. मायनर सप्तकात शिवरंजनी रागाचा धैवत कोमल केल्यासारखी स्वरावली हाती येते. त्यामुळे आपल्या कानाला चाल लगेच ओळखीची वाटते आणि लक्ष गळ्याकडे जातं. ‘कोबुशी’ म्हणजे गाताना स्वरावर घेतलेली मुरकी. ती सगळेच एन्का गायक घेतात. हिबारींची खरी करामत आहे छातीच्या आवाजातून पातळ, वरच्या आवाजात सांधा न दाखवता शिरण्यात. ‘मिदारेगामी’त (१९८७) ती सर्वांत उघड दिसते. आजारपणानंतरचं हे पहिलं गाणं, संगीत फुनामुरा तोरू यांचं. स्टुडिओतलं आणि डोममधलं लागोपाठ ऐका. डोम म्हणजे बेसबॉलचं छताखालचं मैदान. श्वासाचा बारकावा तिथे स्टुडिओइतका कसा मिळणार?

पुष्कळांची फसगत होते ती एकाच गाण्यावरून. ‘कावा नो नागारे नो यो नी’ या मैफलीत नाही. ते त्यानंतर तयार झालं आणि त्याची सिंगल (एका गाण्याची स्वतंत्र तबकडी) जानेवारी १९८९ला आली. तेवढ्यासाठी हा संच मागवू नका.

डीव्हीडी आणि प्लेअर जगाच्या ठरावीक विभागांसाठी (रीजन) बांधलेले असतात: जपानी डीव्हीडी रीजन २ची असते, भारतातले प्लेअर रीजन ५चे. ऑल-रीजन प्लेअर नसेल तर डिस्क नुसती बाहेर येते. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, त्यामुळे जुना वेगळा ड्राइव्ह असेल तर तो या डिस्कसाठीच राखून ठेवावा.