अ‍ॅस्कॉन-एईएडी१२८ : छोट्या चिपवर घालण्याआधी

तापमान-सेन्सर, पाण्याचं मीटर, दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप. अशा उपकरणांतल्या स्वस्त चिपमध्ये एईएस या नेहमीच्या सांकेतिकीकरण पद्धतीसाठी वेगळं हार्डवेअर बहुतेक वेळा नसतं. तरीही संदेश गुप्त राहायला हवा, आणि वाटेत कुणी तो बदलला तर कळायलाही हवं. ही दोन्ही कामं एकत्र करणारा, निस्ट या अमेरिकी प्रमाण-संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रमाणित केलेला अ‍ॅस्कॉन-एईएडी१२८ हा अल्गोरिदम आम्ही अशा चिपसाठी निःशंकपणे सुचवतो. नॉन्स, म्हणजे दर संदेशाला बदलणारा आकडा, मात्र नीट सांभाळावा लागेल.

विश्वास ठेवायचं कारण म्हणजे त्याने सोसलेली परीक्षा. सीझर या सांकेतिक अल्गोरिदमांच्या स्पर्धेत मार्च २०१४ मध्ये ५७ प्रवेशिका आल्या, आणि पुढची पाच वर्षं जगभरचे संशोधक त्या फोडायला बसले. अंतिम फेरीपर्यंत पोचलेल्या मोरस या अल्गोरिदमच्या कीस्ट्रीममध्येही (संदेश झाकणाऱ्या बिटांच्या ओघात) २०१८ साली रेषीय सहसंबंध, म्हणजे ओळखता येणारा पॅटर्न, सापडला. विजेत्यांच्या यादीत मोरस नाही. फेब्रुवारी २०१९ च्या निकालात हलक्या उपकरणांच्या गटात अ‍ॅस्कॉन पहिला आला. त्यानंतर निस्टच्या वेगळ्या स्पर्धेतही, शेवटच्या दहांतून, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचीच निवड झाली. बंद दाराआड बनवलेल्या कुठल्याही ‘खास’ अल्गोरिदमला ही सर येत नाही.

आत ३२० बिटांची स्टेट (चालू अंतर्गत स्थिती) आहे, म्हणजे ६४ बिटांचे पाच शब्द. किल्ली, नॉन्स आणि टॅग (संदेश बदललेला नाही हे दाखवणारा शिक्का) प्रत्येकी १६ बाइट. सुरुवातीला स्टेट ढवळण्याच्या १२ फेऱ्या, शेवटी १२, आणि मध्ये दर १६ बाइटच्या ब्लॉकमागे ८. समजा, ४ बाइटचं उघडं हेडर आणि १० बाइटचं रीडिंग आहे. हेडरसाठी ८ फेऱ्या धरून, आणि संदेशाच्या शेवटच्या ब्लॉकनंतर थेट शेवटच्या १२ फेऱ्या येत असल्याने, एकूण ३२ फेऱ्यांत काम संपतं. प्रत्येक फेरीत फक्त अँड, नॉट, एक्सऑर आणि रोटेशन असतं. तयार उत्तरांचं टेबल लागत नाही, त्यामुळे टेबल-लुकअपच्या वेळेवरून किल्ली फुटण्याची भीती मुळातच नाही.

३२ बिटांच्या चिपवर ६४ बिटांचं रोटेशन महाग वाटतं, पण सम आणि विषम बिट दोन शब्दांत वेगळे ठेवले की प्रश्न सुटतो. २८ चं रोटेशन म्हणजे दोन्ही शब्द १४ ने फिरवणं; १९ चं असेल तर शब्दांची अदलाबदल करून एक ९ ने, दुसरा १० ने. तयार ऑप्टिमाइझ्ड कोडमध्ये हे केलेलं असतं, स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो आवृत्तीचा. स्पर्धेतली आवृत्ती १.२ आणि आजचं प्रमाण यांचं आउटपुट जुळत नाही. प्रमाणाचा पाया जुना अ‍ॅस्कॉन-१२८ए आहे, पण बाइटक्रम आता लिटल-एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) आहे आणि सुरुवातीचं स्थिरमूल्यही बदललं. पॅडिंगचा, म्हणजे ब्लॉक भरून काढायचा, बाइट पूर्वी हेक्स ८० होता, आता ०१ आहे. सेन्सरवर जुनी लायब्ररी आणि सर्व्हरवर नवी असेल तर प्रत्येक टॅग नापास होतो, आणि लोक किल्लीत चूक शोधत बसतात. म्हणून आधी अपेक्षित उत्तरं दिलेली चाचणी-फाइल चालवा: ० ते ३२ बाइटचं हेडर आणि ० ते ३२ बाइटचा संदेश, मिळून १,०८९ नमुने. रिकामा संदेश आणि नेमका १६ बाइटचा संदेश या दोन ठिकाणी घरगुती कोड हमखास अडखळतो.

तक्रार एकच: १० बाइटच्या रीडिंगमागे १६ चा नॉन्स आणि १६ चा टॅग रेडिओवर पाठवणं जड जातं. नॉन्स गुप्त नसतो, एका किल्लीखाली तो पुन्हा येता कामा नये, एवढंच. म्हणून हेडरच्या ४ बाइटांत काउंटर पाठवा आणि उरलेला नॉन्स दोन्ही बाजूंनी उपकरणाच्या क्रमांकावरून बनवा. पॅकेट ४६ ऐवजी ३० बाइटांत बसतं. काउंटर फक्त रॅममध्ये ठेवलात तर बॅटरी बदलताच तो शून्यावर येतो आणि जुने नॉन्स परत वापरले जातात. फ्लॅशमध्ये आधी १,००० पुढचा आकडा लिहा, मग त्या आतले वापरा, आणि रीबूट झाल्यावर लिहिलेल्या आकड्यापासून पुढे चला. फ्लॅशही फारशी झिजत नाही.

नॉन्स एकदा चुकून परत आला तर जीसीएममध्ये (एईएस वापरायच्या प्रचलित पद्धतीत) टॅगची आतली किल्ली उघडी पडू शकते आणि खोटे संदेश बनवता येतात. अ‍ॅस्कॉनमध्ये दोन संदेश जिथे पहिल्यांदा वेगळे होतात तिथपर्यंतचा फरक उघड होतो. नुकसान कमी आहे, पण त्या भरवशावर राहू नका. वारंवार पुनरावृत्ती झाली तर पूर्ण स्टेट काढण्याचे हल्ले प्रसिद्ध झालेले आहेत.

टॅगची तुलना मेमसीएमपी या सी भाषेतल्या फंक्शनने करू नका, ते पहिल्या फरकाला थांबतं आणि लागलेल्या वेळेवरून टॅगचा अंदाज बांधता येतो. सोळाही बाइट एक्सऑर करून शेवटी एकदाच तपासा. टॅग जुळेपर्यंत उलगडलेला एकही बाइट पुढच्या कोडला देऊ नका, आणि जुळला नाही तर बफर पुसा.

प्रोसेसरमध्येच एईएस सूचना असलेल्या सर्व्हरवर अ‍ॅस्कॉन घेऊ नका. तिथे एईएस-जीसीएम किंवा सीझरचाच दुसरा विजेता एजिस कितीतरी वेगवान आहे, लिबसोडियम या लायब्ररीत आवृत्ती १.०.१९ पासून एजिस-१२८एल मिळतो.