ब्लॅक फॉरेस्टमधलं कोणतं शिखर निवडावं: फेल्डबर्ग, बेल्खेन, शाउइन्सलांड की होर्निसग्रिंडे?

मुक्काम फ्रायबुर्गला किंवा टिटिझेला, हाताशी एक मोकळा दिवस, आणि ब्लॅक फॉरेस्टमधलं एखादं शिखर तरी गाठायचंय. अशा वेळी बहुतेक जण उंचीचा आकडा बघतात आणि फेल्डबर्गची वाट धरतात. आल्प्स वगळले तर १,४९३ मीटर उंचीचा फेल्डबर्ग जर्मनीत सर्वांत उंच, हे खरंच. तरीही हवा स्वच्छ असेल तर मी बेल्खेनलाच जा म्हणेन, जरी तो फेल्डबर्गहून ७९ मीटरने बुटका असला तरी.

याचं कारण इथल्या जमिनीच्या ठेवणीत आहे. हा डोंगराळ पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे १५० किलोमीटर लांब. ऱ्हाईनचं खोरं खचत गेलं तशा त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या: अलीकडे ब्लॅक फॉरेस्ट, पलीकडे फ्रान्समधले व्होज डोंगर. त्यामुळे इथे सह्याद्रीसारखाच प्रकार दिसतो, पश्चिमेला खडा उतार आणि पूर्वेला सावकाश उतरत जाणारा माथा. पूर्वेकडे वाहणाऱ्या ब्रेग आणि ब्रिगाख मिळून डॅन्यूब होते. पश्चिमेचं पाणी ऱ्हाईनला जातं. बेल्खेन या पश्चिम कडेलाच उभा आहे. म्युन्स्टरटालच्या दरीतून तो एका दमात हजार मीटर वर चढतो. फेल्डबर्ग मात्र आतल्या बाजूला, रुंद घुमटासारखा पसरलेला.

हा फरक माथ्यावर पाय ठेवताच कळतो. फेल्डबर्गचा माथा म्हणजे मोठं उघडं गवताळ मैदान. रोपवे तुम्हाला झेबुक या १,४४८ मीटरच्या उपशिखरावर सोडतो, तिथून खोलगट खिंड ओलांडून मुख्य माथ्यावर चालत जायचं. मनोरे, स्कीच्या लिफ्ट, सुट्टीच्या दिवशी भरपूर माणसं. नजर लांबवर जाते, पण पायाखाली दरी अशी जाणवत नाही. बेल्खेनवर माथ्याभोवती फिरणाऱ्या पायवाटेने अर्ध्या-पाऊण तासात चारही दिशा बघून होतात. पश्चिमेला ऱ्हाईनचं सपाट खोरं आणि त्यापलीकडे व्होजमधला १,४२४ मीटरचा ग्रां बालाँ, दक्षिणेला आल्प्सची रांग. वर झाडं जवळजवळ नाहीत, बिलबेरीची बुटकी झुडपं आहेत. शरद ऋतूत त्यांची पानं लाल होतात आणि सगळा उतारच रंग बदलतो. खाजगी गाड्यांना माथ्यापर्यंत परवानगी नाही, मुल्टेनहून रोपवे आहे. माथ्यावरची शांतता टिकून आहे ती त्यामुळेच.

बेल्खेनची अडचण एकच, तिथे पोचणं. गाडी नसेल तर बसच्या वेळा नीट जुळवाव्या लागतात. फेल्डबर्गचं तसं नाही. फ्रायबुर्गहून ट्रेनने फेल्डबर्ग-बेरेंटाल या ९६७ मीटरवरच्या स्टेशनात उतरायचं आणि बस पकडायची. डॉइचलांड-टिकीट (देशभरातल्या स्थानिक ट्रेन-बसचा मासिक पास) असेल तर ट्रेन-बसला वेगळा खर्च नाही. या भागातल्या बऱ्याच गावांत राहणाऱ्या पाहुण्यांना मिळणाऱ्या कोनुस कार्डावरही हा प्रवास फुकट होतो.

फेल्डबर्गला जाणारच असाल तर फक्त माथा बघून परतू नका, फेल्डझेपर्यंत उतरा. हिमयुगातल्या हिमनदीने कोरलेलं हे जवळजवळ गोल तळं १,१०९ मीटरवर आहे. तीन बाजूंनी जंगलाने झाकलेली उभी भिंत, मध्ये काळसर पाणी. तळाशी ब्राखसेनक्राउट नावाची दुर्मीळ पाणवनस्पती वाढते, म्हणून पोहायला बंदी आहे, आणि ती पाळायलाच हवी. बर्फ बघायचा असेल किंवा मुलांना स्कीवर उभं करायचं असेल, तर हिवाळ्यात फेल्डबर्गच निवडा.

आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर १,२८४ मीटरचा शाउइन्सलांड. फ्रायबुर्गमधून ट्राम आणि बसने रोपवेच्या पायथ्याशी पोचता येतं. १९३० पासून चालणारा हा रोपवे ३.६ किलोमीटरचा आहे, वीसेक मिनिटांत वर नेतो. वर वाऱ्याने वाकवलेले बीच वृक्ष आहेत: खोड एका अंगाला कललेलं, फांद्या सगळ्या त्याच बाजूला. पोटात शतकानुशतकांच्या चांदी, शिसं, जस्ताच्या खाणी आहेत. खाणकाम १९५४ मध्ये थांबलं, आता त्यातला काही भाग बघता येतो.

श्टुटगार्ट किंवा कार्ल्सरुहेहून एका दिवसात परतायचं असेल तर दक्षिणेकडची ही तिन्ही शिखरं लांब पडतात. मग उत्तरेतला सर्वांत उंच, १,१६४ मीटरचा होर्निसग्रिंडे. इथे वालुकाश्म आहे, पाऊस भरपूर, माथा सपाट. त्यामुळे वर दलदल साचली आहे आणि फळ्यांच्या वाटेवरून चालावं लागतं. शिखर म्हणून तो मला फारसा भिडत नाही, आणि खालच्या मुमेलझे तळ्याकाठी वीकेंडला गर्दी असते. पण मुमेलझेवरून जाणाऱ्या हमरस्त्यावर पुढे लोथारफाड ही छोटी पायवाट आहे, ती चुकवू नका. २६ डिसेंबर १९९९ च्या लोथार वादळात आडवं झालेलं जंगल तिथे तसंच ठेवलंय. पडलेल्या खोडांवरून-खालून शिड्या जातात, आणि त्याच खोडांमधून नवी झाडं वर आली आहेत.

आल्प्स दिसायला हवेत तर ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. तेव्हा पुष्कळदा धुकं खाली खोऱ्यात अडकतं आणि वर लख्ख ऊन असतं, म्हणून खिडकीतून धुकं दिसलं की बेत रद्द करू नका, आधी शिखरावरचा वेबकॅम बघा. नोव्हेंबरात रोपवे दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, तेही तपासा. वेबकॅममध्ये माथाच ढगात दिसला तर बेल्खेन दुसऱ्या दिवसावर ढकला आणि बेरेंटालहून चालत फेल्डझे गाठा.